बायोप्सीनंतर झुंबा कधी? त्याआधी पाण्याच्या घागरींचं बोलू

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि शाळेत दिवसभर डोक्यात तीच घोळत होती. परवा लातूरला स्तनातल्या गाठीची ट्रुकट बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय, डॉक्टर म्हणाले "थोडे दिवस आराम करा", आणि तुम्ही विचारताय की झुंबा आणि सूर्यनमस्कार कधीपासून. सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी फिरत होते. झुंबाच्या जागी माझी गोगाबाबा टेकडी होती, एवढाच फरक. (मी संभाजीनगरची. रोज पहाटे टेकडी चढायची, वरून मकबरा बघायचा आणि खाली यायचं.)

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. तुमची गाठ वेगळी, तुमच्या गोळ्या वेगळ्या, त्यामुळे हे वाचा आणि तरीही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मॅमोग्राफी, सोनोग्राफीनंतर व्यायामाला काही आडकाठी नसते, दाबल्यामुळे एखादा दिवस ठणकतं तेवढंच. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून घेतात त्या तपासणीचंही फार काही नाही. ट्रुकटमध्ये मात्र जाड सुईने आतले तुकडे काढलेले असतात. बाहेर दिसतो एक बारीक काप, पण आतली जखम त्याहून मोठी असते. मला हे कळायला अकरा खेपा लागल्या.

माझी बायोप्सी मंगळवारी दुपारी झाली, डाव्या बाजूला. बुधवारी पहाटे टेकडीवर गेले नाही. मैत्रिणींना मेसेज टाकला, "आठवडाभर आराम." स्वतःचं कौतुकही वाटलं. साडेपाचला नळ आला. आमच्या भागात तेव्हा नळ आठव्या दिवशी यायचा आणि नेमकी लाइट गेलेली, म्हणजे मोटार बंद. हे वाळूजला रात्रपाळीला. सासूबाई म्हणाल्या, "आगं, काल सुया टोचल्यात ना तुला? कामून घागर उचलू लागलीस? राहू दे." मी म्हटलं, त्याला काय होतंय, हा काही व्यायाम नाही.

स्टीलची मोठी घागर पंधरा लिटरची, म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर घागरीचं वजन. गच्चीपर्यंत एकोणीस पायऱ्या. अकरा खेपा. आता गणित शिकवणाऱ्या बाईने हा हिशोब आधी करायला नको होता का? आणि कमरेवर घागर घेतली की तिचा काठ कुठे टेकतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी कायम डावीकडेच घेते.

दुपारपर्यंत डावी बाजू टणक झाली. संध्याकाळी लिंबाएवढा गोळा हाताला लागला. आधीची गाठ हरभऱ्याएवढी, त्यामुळे मला वाटलं गाठ एका दिवसात वाढली. त्या रात्री काय काय विचार आले ते लिहीत नाही.

आता त्या सेंटरबद्दल. नाव घेत नाही, कुणाला विचारूही नका. सुई टोचणारे डॉक्टर चांगले होते, पण हातात जो कागद दिला त्यावर शिक्का मारून दोनच शब्द होते, "टेक रेस्ट." गुरुवारी सकाळपासून फोन लावतेय. काउंटरवरची मुलगी म्हणते, "मॅडम, आम्ही फक्त टेस्ट करतो, पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा." माझ्या डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणतो, "ज्यांनी सुई घातली त्यांना विचारा." शुक्रवारी प्रत्यक्ष गेले तर रिपोर्ट तयार नाही म्हणून परत पाठवलं. अहो, मी रिपोर्ट मागतच नव्हते! कुणीतरी फक्त बघा म्हणत होते. पैसे भरताना मात्र तिथे तीन माणसं होती.

शेवटी दुसऱ्या एका सर्जन बाईंनी बघितलं. आत रक्त साचून गुठळी झाली होती. काळानिळा डाग हिरवट होत होत पिवळा पडायला तीन आठवडे गेले. गुठळी विरायला दोन महिने. तोपर्यंत सोनोग्राफीत खरी गाठ आणि गुठळी नीट वेगळी दिसेना, म्हणून ती तपासणीही पुढे ढकलली. (रिपोर्ट फायब्रोएडेनोमाचा आला. साधी गाठ, अजून आहे तशीच आहे.) त्या बाईंनी विचारलं, "चालायला तुम्हाला कुणी नको म्हटलं होतं?" कुणीच नव्हतं म्हटलं. जे चाललं असतं ते मी बंद ठेवलं आणि जे करायचं नव्हतं ते अकरा वेळा केलं.

म्हणून माझं ठाम मत: डॉक्टरांना "व्यायाम कधी करू" असं विचारूच नका. त्यांच्या डोळ्यांसमोर जिम येते, आणि आपण दिवसभर जे उचलतो ते आपण व्यायामात धरतच नाही. किलोत विचारा. वीस लिटरचा जार उचलू का, दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊ का, ओली चादर पिळू का, कणीक मळू का, स्कूटी स्टँडवर लावू का. त्या सर्जन बाईंनी मला सांगितलं ते असं: पहिले दोन दिवस चार-पाच किलोंच्या वर काही नाही, उड्या नाहीत, पळणं नाही. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून खुशाल. तुमचे दोन दिवस आज संपताहेत, पण सूज किंवा मोठा डाग असेल तर घाई नको. व्हॅक्यूमची बायोप्सी किंवा गाठ काढण्याचं ऑपरेशन असेल तर हे आकडे लागू नाहीत, तिथे जास्त दिवस लागतात.

सूर्यनमस्कारात मला त्रास झाला तो अष्टांगासनात. छाती जमिनीला टेकते ना, तिथे. काही दिवस ते गाळलं, भुजंगासन अर्धं केलं. झुंबात पायांचं सगळं आधी करा, उड्या शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकलं तर एक पायरी मागे. पोहायला काप पूर्ण भरल्याशिवाय नको.

उलटी चूकही करू नका. मी त्या धसक्याने तीन महिने हात वर केला नाही. फळ्यावरसुद्धा खालच्या अर्ध्यातच लिहायची. खांदा असा आखडला की तो सोडवायला फिजिओथेरपीच्या चकरा झाल्या.

घट्ट आधार देणारी ब्रा पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा घाला, तारेची नको. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. दुखलं तर पॅरासिटामॉल; ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने रक्त जास्त वाहू शकतं. पण हृदयासाठी इकोस्प्रिन (तीही ॲस्पिरिनच) चालू असेल तर मनाने बंदही करू नका. छोटा डाग बहुतेकींना पडतो. सूज भराभर वाढली, दाबूनही रक्त थांबेना, ताप आला, लाली किंवा पू दिसला, तर फोनवर बसू नका, थेट जा.

आणि एक, विषय सोडून. रिपोर्ट घेताना स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेले तुकडे) कसे मिळतील तेही विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर परत सुई टोचून घ्यावी लागत नाही.

तुमच्याकडे नळ कोणत्या वारी येतो? तो वार या आठवड्यात असेल तर त्या दिवशी घरात पाणी भरायला दुसरं कोण असेल ते आजच ठरवून ठेवा.