वेळ मायक्रोसेकंदात साठवली तर दोन मशीनवरून आलेल्या नोंदींचा क्रम बरोबर लागेल का?

नाही लागणार. मायक्रोसेकंदाने आकडा बारीक होतो, घड्याळ बरोबर होत नाही. चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ सहा दशांश स्थळांपर्यंत चुकीचीच वेळ देतं.

आमचं सॉफ्टवेअर कोल्हापूरकडच्या दूध संकलन केंद्रांवर चालायचं. शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि केंद्रातल्या कॉम्प्युटरची वेळ लगेच सर्व्हरवर जायची. बिलाचा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, दर अर्ध्या तासाने, मागच्या फेरीच्या वेळेनंतरच्या नोंदी उचलायचा. नोंदी उचलायची ती क्वेरी माझी नव्हती. अपलोडचा कोड माझा होता, म्हणून एका केंद्राच्या दहा दिवसांच्या बिलातून नोंदी गळाल्या तेव्हा सगळ्यांनी मलाच धरलं. पावती शेतकऱ्याच्या हातात, आणि बिलात दूध नाही. मला झोप लागत नव्हती.

गळालेल्या नोंदींच्या पावत्या मागवून टेबलावर मांडल्या. सगळ्या 6:26 ते 6:30 किंवा 6:56 ते 7:00 मधल्या! तिथलं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. खऱ्या 6:32 ला घातलेल्या दुधावर 6:28 पडायचे. 6:30 ची फेरी तोवर होऊन गेलेली, आणि 7:00 ची फेरी 6:30 च्या पुढचंच बघणार. नोंद टेबलमध्ये आहे, पण ती कुठल्याच फेरीच्या हाती लागत नाही.

मी त्याच दिवशी सांगितलं, की सर्व्हरने नोंद आल्यावर स्वतःचा क्रमांक द्यावा, जॉब त्यावर चालवावा, आणि केंद्राची वेळ फक्त पावतीपुरती ठेवावी. आमच्या सीनियरनी वेळेचा कॉलम डेटटाइम(6), म्हणजे मायक्रोसेकंदांचा, करायला लावला. पुढच्या बिलातही नोंदी गळाल्या. मग म्हणाले, एनटीपी लावा, म्हणजे घड्याळ नेटवरून जुळत राहील. एनटीपी लावायलाच हवं, पण फरक 128 मिलिसेकंदांच्या वर गेला की एनटीपीडी, म्हणजे हे जुळवणारा प्रोग्राम, एरवी घड्याळ उडी मारूनच जुळवतो, प्रसंगी मागेही नेतो. आणि केंद्राचं नेट दोन दिवस बंद असलं की काय? शेवटी तीन महिन्यांनी क्रमांकच आला. हे पहिल्या बैठकीतच करायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो.

तुमच्या कामाला बहुतेक मिलिसेकंद पुरतील, फक्त सगळीकडे एकच ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा साधा डेटटाइम सेकंदाचा अपूर्णांक तोडत नाही, राउंड करतो, 6:29:59.7 चे 6:30:00 होतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस मायक्रोसेकंद ठेवतो, जावास्क्रिप्टचा डेट मिलिसेकंदच. पोस्टग्रेसची वेळ जावास्क्रिप्टमध्ये वाचून परत तुलना केलीत तर तीच वेळ वेगळी निघेल. किती वेळ लागला हे मोजायला तारखेचं घड्याळ वापरूच नका, पायथनमध्ये त्यासाठी टाइम.मोनोटॉनिक हे कधीच मागे न जाणारं घड्याळ आहे.

एक राहिलं. ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे डेटाबेस आपोआप वाढवत देतो तो, क्रमांकही आंधळेपणाने घेऊ नका. 101 आधी कमिट (म्हणजे पक्का) होऊन 100 नंतर होऊ शकतो, आणि जॉब नेमका मध्ये चालला तर 100 गळतो. आम्ही प्रत्येक फेरीत मागचे दोनशे क्रमांक पुन्हा वाचतो. पावती क्रमांकावर युनिक की आहे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जात नाही, त्यामुळे दूध दोनदा चढत नाही.