हातात आलेले ३ लाख: कर्जात भरावेत, गुंतवावेत की पॉलिसीत घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा: ३० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के, २० वर्षं. पाच वर्षांचे हप्ते भरून झालेत. आता ३ लाख हातात आलेत, ते कर्जात भरावेत, फंडात घालावेत की एजंट म्हणतो ती ‘पैसे दुप्पट’वाली पॉलिसी घ्यावी? शिवाय क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय.

सुरुवात त्या बाकीपासूनच करा. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के असेल तर ते वर्षाला ३६ नव्हे, चक्रवाढीने ४२.६ टक्के होतात. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. कार्ड आधी शून्यावर आणा, यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता गृहकर्ज. तुमचा हप्ता २६,९९२ च्या आसपास असणार. पहिल्या हप्त्यातले २२,५०० व्याजात गेले, मुद्दल फिटलं ते ४,४९२. पाच वर्षांत तुम्ही सोळा लाखांवर भरलेत, पण मुद्दल उतरलं जेमतेम ३ लाख ३९ हजारांनी. शिल्लक साधारण २६ लाख ६१ हजार. यात फसवणूक नाही. शिल्लक मुद्दल मोठं असतं तेव्हा व्याज मोठं असतं, इतकंच.

आज ३ लाख भरून हप्ता तोच ठेवलात, तर उरलेल्या १८० हप्त्यांचे १४३ होतात आणि सुमारे ७ लाखांचं व्याज वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतलात, तर तो २३,९४९ होतो आणि वाचतात साधारण अडीच लाख. म्हणून सगळे ‘मुदत कमी करा’ म्हणतात. सल्ला बरोबर आहे, पण ७ लाखांच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. दोन्ही प्रकारांत तुमच्या ३ लाखांवर मिळतात ते ९ टक्केच. दुसऱ्यात ते दरमहा थोडेथोडे परत येतात, म्हणून एकूण बेरीज लहान दिसते. तुलना नेहमी टक्क्यांची करा, एकूण रकमांची नको.

टक्केही कर वजा करूनच धरा. ८ टक्क्यांची ठेव ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हातात ५.६ टक्केच ठेवते. कर्जाच्या व्याजावर करात पूर्ण वजावट मिळत असेल, तर ९ टक्क्यांचं कर्ज त्याच माणसाला ६.३ ला पडतं. इथे एक मेख आहे. वजावटीला मर्यादा असेल आणि तुमचं वर्षाचं व्याज तिच्या बरंच वर असेल, तर जादा रक्कम भरून जे व्याज वाचतं ते मर्यादेच्या वरचंच असतं. मग पूर्ण ९ धरायचे. कसंही मोजलं तरी ठेव हरते. शेअर फंड जास्त देऊ शकतो, पण खात्रीने नाही. ५० टक्के पडझड भरून यायला १०० टक्के वाढ लागते. पुढच्या सात-आठ वर्षांत लागणार नाही अशीच रक्कम तिथे, आणि तीही दरमहा पगारातून.

तरीही सगळे ३ लाख कर्जात ओतू नका, असंच मी म्हणेन. भरलेले पैसे बँक परत देत नाही. नोकरी गेली तर सहा महिन्यांचे नुसते हप्तेच १ लाख ६२ हजार होतात, घरखर्च वेगळा. एवढी गंगाजळी वेगळी नसेल तर आधी ती. तिच्यावर व्याज कमी मिळेल, मिळू दे. (ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर पैसे भरून पुन्हा काढता येतात, त्याचा दर मात्र किती जास्त लावलाय ते बघा.)

उरलेली रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहा: ‘मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ नाहीतर कधी ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते, कधी परस्पर हप्ताच कमी होतो. मुदतीआधी फेडीवर शुल्क आहे का, हे विशेषतः स्थिर दराच्या कर्जात आधी विचारा. नंतर परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शिल्लक मुद्दलाचा रकाना स्वतः ताडून बघा.

पॉलिसीचं. ‘दहा वर्षं ५० हजार भरा, विसाव्या वर्षअखेर १० लाख’ हे दुप्पट खरंच आहे. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात दहा वेळा उणे ५०,०००, मग दहा शून्यं, मग १०,००,००० लिहा आणि खाली आयआरआरचं (पैशांवर वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते काढणारं) सूत्र लावा. उत्तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. नऊ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना साडेचार टक्क्यांना वीस वर्षं पैसे अडकवायचे कशाला? हीच युक्ती ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ (मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच) म्हणणाऱ्या कर्जालाही लावा: तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांवर तो दर घटत्या शिल्लकेने जवळजवळ १८ टक्के निघतो.

विमा मात्र हवाच, पण साधा टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा. रक्कम ठरवताना शिल्लक कर्ज, अधिक घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तितक्या वर्षांचा खर्च, वजा आजची बचत. बँक कर्जासोबत जो विमा गळ्यात मारते त्याचा एकरकमी हप्ता बहुधा कर्जातच मिळवलेला असतो, म्हणजे त्यावरही ९ टक्के चालू. तुमच्या मंजुरीपत्रात तसा आकडा दिसतोय का ते बघा आणि इथे लिहा, म्हणजे तो विमा बंद करून काही परत मिळतं का ते पाहता येईल. नवा टर्म सुरू होईपर्यंत जुना बंद करू नका.