इमारतीवर प्रोजेक्टरने राजकीय चित्रं दाखवणं ही कला की नुसता प्रचार?

तुम्ही असंही विचारलंय की लाइट शोपेक्षा यात वेगळं काय. मी बडोद्याचा, इथे फाइन आर्ट्सच्या मुलांमध्ये ऊठबस असल्यामुळे हा वाद बराच ऐकलाय, म्हणून मला काय वाटतं ते सांगतो.

माझ्या मते सगळा फरक भिंतीत आहे. लाइट शोला कुठलीही मोठी भिंत चालते, पण या कामात भिंत बदलली की कामच संपतं. क्षिश्तोफ वोडिच्को म्हणून पोलंडमध्ये जन्मलेला कलाकार आहे, १९८५ मध्ये लंडनला ट्रफाल्गर स्क्वेअरमधल्या नेल्सनच्या खांबावर त्याचं प्रोजेक्शन रीतसर चालू होतं, आणि तिथेच दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीची इमारत, तेव्हा तिकडे वर्णभेदाचं राज्य, तर यानं एक प्रोजेक्टर वळवून त्या इमारतीच्या कपाळावर नाझींचं स्वस्तिक टाकलं! साधारण दोन तासांत पोलिसांनी बंद पाडलं. तेच चित्र शेजारच्या इमारतीवर पडलं असतं तर त्याला काही अर्थ राहिला असता का?

पण मला त्याचं नंतरचं काम जास्त भिडतं. २००१ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनात त्यानं फॅक्टरीत राबणाऱ्या बायकांच्या डोक्याला कॅमेरा आणि माइक बांधला आणि त्यांचे चेहरे तिथल्या सांस्कृतिक केंद्राच्या भल्यामोठ्या घुमटावर लाइव्ह दाखवले, घरात, कामावर काय काय सोसलं ते त्या स्वतः बोलत होत्या आणि खाली चौकात लोक उभे राहून ऐकत होते. प्रचारात काय बोलायचं ते वरून ठरवून येतं, इथे ज्याचं दुःख त्याचंच तोंड. म्हणून मी याला कला म्हणतो, आणि ठाम म्हणतो.

आमच्याकडे बडोद्यात सूरसागर तलावाजवळ न्यायमंदिर आहे, सयाजीरावांच्या काळातली देखणी इमारत, कैक वर्षं तिथे कोर्ट भरायचं. तिच्यावर रंगीत फुलं-मोर कोणीही दाखवेल, पण तारखांसाठी हेलपाटे घालून म्हातारी झालेली माणसं तिच्यावर बोलताना दिसावीत असं मला फार मनापासून वाटतं.

करायचंच असेल तर घरगुती ३-४ हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर एखाद्या वाड्याच्या भिंतीपुरता ठीक, मोठ्या इमारतीला १५-२० हजार तरी हवेत, भिंत फिकट हवी, आणि आधी रात्री जाऊन समोरच्या स्ट्रीटलाइटचा उजेड किती पडतो ते बघून या.