ग्लासाला घाम कुठून येतो?

मार्च उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या फोनांत एक तक्रार हमखास असते. "मॅडम, घरी सगळं धडाधडा म्हणून दाखवते. पण पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की संपलं. स्मरणशक्तीच कमी आहे का हो हिची? एखादी टेस्ट करून घेऊ का?" बहुतेक वेळा विषय विज्ञानाचा असतो आणि मूल चौथी ते सहावीतलं.

अशाच एका आईची आणि मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि मुलीला चिऊ म्हणतेय.

चिऊ पाचवीत, मराठी माध्यमात. राहायला डोंबिवलीत, आजोळ अकोल्याचं. आई रोज सकाळच्या लोकलने मुंबईला जाते, संध्याकाळी साडेसातला घरी येते आणि जेवणं उरकून नऊला चिऊची परिसर अभ्यासाची वही उघडते. एवढ्या दगदगीत रोज तासभर मुलीजवळ बसणारी ही आई निष्काळजी नव्हे, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं. तिची भीतीही खरी होती. 2023-24 पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली, त्यात नापास झालं तर फेरपरीक्षा. शिवाय जूनपासून सेमी इंग्रजी, म्हणजे सहावीचं विज्ञान इंग्रजीतून. "मराठीतलंच राहत नाही, तर इंग्रजीतलं काय राहणार?" असं म्हणताना तिचा आवाज भरून आला होता.

तिने पिशवीतून चाचणीचा पेपर काढून टेबलावर ठेवला. 'संघनन म्हणजे काय?' याचं उत्तर अगदी बरोबर: वाफेचे पाण्यात रूपांतर होणे. त्याच पानावर खाली प्रश्न होता, थंड पाण्याच्या ग्लासाबाहेर थेंब का जमतात? चिऊने लिहिलं होतं, 'ग्लासातले पाणी हळूहळू बाहेर येते.' त्यावर लाल फुली.

"आता सांगा! वरती स्वतःच लिहिलंय आणि खाली हे!" आई म्हणाली. चिऊ खुर्चीच्या कडेवर बसून चपलेचा पट्टा काढत-घालत होती.

टेस्टबद्दल आधी सांगते, कारण ती विचारणा नेहमीच होते. मी चिऊकडून एक अनोळखी उतारा मोठ्याने वाचून घेतला, तो तिने न अडखळता वाचला आणि आपल्या शब्दांत सांगितलाही. फळ्यावरचं नीट दिसतं का, झोप किती, बाकीच्या विषयांत कसं चाललंय, हे विचारून घेतलं. वाचताना अक्षरं निसटत असती किंवा सगळ्याच विषयांत ती एकदम मागे पडली असती, तर मी वेगळ्या दिशेने गेले असते. इथे तसं काही नव्हतं. स्मरणशक्ती उत्तम होती, व्याख्या तर शब्दन् शब्द पाठ होत्या.

मग मी एक चूक केली आणि ती सांगायलाच हवी, कारण घरोघरी रात्री नऊला हीच चूक होत असते. मी चिऊला छान समजावून सांगितलं. हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार ग्लासाला लागली की तिचं पाणी होतं, वगैरे. कागदावर चित्रही काढून दिलं. तिने मान डोलावली, "कळलं" म्हणाली. पुढच्या शनिवारी मी सहज विचारलं, "मग, ग्लासाला घाम कुठून येतो?"

ती म्हणाली, "हवेतली वाफ पाण्यात शिरते, आणि मग ग्लासातून झिरपून बाहेर येते."

माझं उत्तर ती विसरली नव्हती. तिने ते आपल्या जुन्या उत्तराला जोडून टाकलं होतं. मुलं हे सर्रास करतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. पृथ्वी गोल आहे हे मुलं सांगत होती, पण खोलात विचारल्यावर काहींच्या डोक्यातली पृथ्वी निघाली आतून पोकळ, आणि माणसं तिच्या आत सपाट तळावर उभी! शाळेने गोल सांगितलं, डोळ्यांना सपाट दिसतं, मुलांनी दोन्हींचा मेळ घातला. पुढे हैदराबादच्या मुलांशीही असंच बोलून झालं, तेव्हा काहींच्या पृथ्वीखाली समुद्र होता. याला मठ्ठपणा म्हणवत नाही मला. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र बसवण्याची ती धडपड आहे.

म्हणून त्या शनिवारी मी समजावणं थांबवलं आणि विचारलं, "झिरपून येतं, असं तुला कशावरून वाटतं?"

तिने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडायच्या आत मी हातानेच थांबा म्हणाले. बराच वेळ गेला. मग चिऊ हळूच म्हणाली, "आजीकडच्या माठातून येतं ना."

अकोल्याच्या आजीच्या ओट्याशेजारी तिवईवर माठ असतो. त्याला हात लावला की ओला लागतो, खालचं ताटही ओलं होतं. आजीने तिला सांगितलेलं, माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. आणि हे शंभर टक्के खरं आहे! मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी बाहेर येतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. चिऊने एक खरी गोष्ट नीट पाहिली होती, समजून घेतली होती आणि ती स्टीलच्या ग्लासाला लावली होती. गार पाणी, बाहेरून ओलं भांडं. दोन्हीकडे सारखंच तर दिसतं! लाल फुलीमागे एवढा विचार होता आणि तो कोणी विचारलाच नव्हता. तिने एकदा वर्गात माठाचं सांगून पाहिलं होतं. सगळे हसले. तेव्हापासून तिने 'मला वाटतं' म्हणणंच सोडलं होतं.

हे ऐकताना आईचे डोळे भरून आले. "मला कधी बोलली नाहीस गं," एवढंच ती म्हणाली.

मग त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही तिघींनी करून पाहिलं. आदल्या दिवशीच आईला बर्फ आणि कोकम सरबत घेऊन यायला सांगितलं होतं. स्टीलच्या पेल्यात लालबुंद गारेगार सरबत ओतलं आणि मी चिऊला म्हणाले, "बघायच्या आधी सांग, बाहेरचे थेंब कसे असतील?" ती म्हणाली, "लाल." दहा मिनिटांत थेंब आले. तिने पांढऱ्या रुमालाने पुसले. रुमाल पांढराच राहिला.

मला वाटलं, झालं. पण चिऊ रुमालाकडे बघत म्हणाली, "गाळून येत असेल. बारीक भोकांतून नुसतं पाणी येत असेल, रंग आत राहत असेल."

काय बोलावं! इतकी रास्त शंका मोठ्यांनाही सुचत नाही. याच ठिकाणी बहुतेक पालकांचा धीर सुटतो, "अगं, पुस्तकात दिलंय ना!" असं निघून जातं, आणि मूल पुन्हा व्याख्येच्या आडोशाला जातं. मी तिलाच विचारलं, गाळून येत असेल तर ते कसं पकडायचं? तिला सुचेना. मग स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढला. मोठा तांब्या बर्फाच्या पाण्याने भरला, वर घट्ट झाकण लावलं, काट्यावर ठेवला आणि आकडा लिहून ठेवला. आतलंच पाणी बाहेर येऊन भांड्याला चिकटलं, तर वजन तेवढंच राहायला हवं, हे तिनेच पेन्सिल फिरवत ठरवलं. अर्ध्या तासाने काटा तीन ग्रॅम पुढे गेला होता.

"वाढलं?" ती काट्यावर वाकली. तांब्या उचलला, पुन्हा ठेवला. आकडा तोच. "म्हणजे हे पाणी आतलं नाहीच." मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पंख्याकडे, खिडकीकडे. "हवेतून आलं?"

तेच वाक्य मी पंधरा दिवसांपूर्वी चित्रासकट सांगितलं होतं. आता ते तिचं होतं.

त्या दिवसापासून आईची रात्रीची उजळणी बदलली. वेळ तासाभराचा अर्धा तास झाला. एका रात्री एकच गोष्ट. पुस्तक मिटलेलं. आधी चिऊने आपल्याला काय वाटतं ते सांगायचं, आईने बरोबर-चूक न म्हणता "कशावरून?" एवढंच विचारायचं. आईला हे फार जड गेलं, कारण बरोबर उत्तर जिभेवर असताना गप्प बसणं सोपं नसतं. त्यानंतर जमेल तर करून पाहायचं, आणि पुस्तक शेवटी उघडायचं, आपलं नि त्याचं जुळतं का ते बघायला. तीन-चार दिवसांनी तोच भाग कोऱ्या कागदावर आठवेल तसा लिहायचा किंवा काढायचा. यूट्यूबवरचे प्रयोग दाखवायला माझी हरकत नाही, पण नुसते बघून मूल अंदाज बांधत नाही, आणि अंदाज चुकल्याचा तो क्षण हातचा जातो.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मिटून आठवण्यावर माझा भर का, हे आईने विचारलं. 2006 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग तिला सांगितला. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. रात्री म्हणून दाखवलेलं परीक्षेच्या दिवशी का सापडत नाही, ते तिला तेवढ्यावरून उमगलं.

दुसऱ्या धड्यातही असंच जुनं उत्तर दडलेलं निघालं. 'वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात' हे चिऊला पाठ, पण एवढं मोठं आंब्याचं झाड कशाचं बनलं म्हणून विचारलं तर "मातीचं, मुळं माती खातात." इथे तिला मी सतराव्या शतकातल्या हेल्मॉन्ट नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने कुंडीत सुमारे 90 किलो सुकी माती तोलून भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलो झाडाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं 76 किलोंच्या आसपास, आणि माती कमी झाली जेमतेम 57 ग्रॅम. चिऊने आकडे दोनदा विचारून वहीत लिहिले. मग हेल्मॉन्टने काय ठरवलं? झाड सगळं पाण्याचं बनलं! हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबातच नव्हता. वजन काटेकोर केलेल्या माणसाचाही निष्कर्ष अर्धाच बरोबर निघाला, यावर चिऊ कितीतरी वेळ विचार करत होती. "त्याला कोणी हसलं का?" असं तिने विचारलं.

सेमीच्या काळजीबद्दल मी आईला सांगितलं की तांब्याचं वजन का वाढलं हे जिला मराठीत पक्कं माहीत आहे, तिला 'कन्डेन्सेशन' हा शब्द शिकायला दोन दिवस पुरतात. उलट्या बाजूने गेलं तर दोन्ही भाषांत नुसती व्याख्या हाती लागते. स्पेलिंगं मे महिन्यात करा, म्हटलं. आता मराठीत बोलू दे तिला, भरपूर बोलू दे.

मधेच एका रविवारी चिऊने अकोल्याला फोन लावून आजीला ग्लासाचं सगळं समजावलं. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाई, आमच्याकडे उन्हाळ्यात ग्लासाला एवढा घाम येतच नाही. माठ मात्र कसा बर्फासारखा गार!" चिऊ धावत माझ्याकडे आली, म्हणजे आईला घेऊन आली. डोंबिवलीत पेला घामाघूम आणि घरचा माठ कोमट, अकोल्यात पेला जवळजवळ कोरडा आणि माठ गारेगार. असं का? मी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, धुतलेले कपडे कुठे लवकर वाळतात? ती दोन मिनिटं गप्प होती. मग तिने सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. इथली हवा समुद्राजवळची, आधीच पाण्याने भरलेली, म्हणून पेल्यावर पाणी सोडते आणि माठावरचं पाणी पटकन घेत नाही. तिकडची हवा कोरडी, तिच्यात सोडायला पाणी थोडंच, पण माठावरचं भराभर पिऊन टाकते. "म्हणून आजीकडे कूलर चालतो आणि आपल्याकडे नुसतं चिकट होतं!" हे शेवटचं तिचं तिनेच काढलं. आईने माझ्याकडे पाहिलं. टेस्टचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

वार्षिक परीक्षेत तिला ठीक गुण मिळाले. दोन व्याख्यांत शब्द इकडचे तिकडे झाले म्हणून अर्धा-अर्धा गुण गेला आणि आईला त्याचं थोडं वाईट वाटलंच, ते तिने मला मोकळेपणाने सांगितलं.

जुलैत एका पावसाळी संध्याकाळी आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. एसी लावलेली टॅक्सी, धुरकटलेली काच, आणि चिऊचं बोट आतून काचेवर फिरतंय. धुकं पुसलं जात नाही. ती पुन्हा जोरात घासते, मग थांबते. मागून आईचा आवाज, "काय झालं गं?" चिऊ काच खाली करते, हात बाहेर काढून एक रेघ ओढते आणि ओलं बोट कॅमेऱ्यासमोर धरते. "आई, गाडीच ग्लास झालीये. आपण आतलं पाणी आहोत."