पैसे बंद केले अन् पोरानं काही करून घेतलं तर?

मोठ्या झालेल्या मुलाला पैसे पुरवणारे आईवडील माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा ही भीती बहुतेकदा शेवटी, उठता उठता बोलून दाखवतात. दारव्ह्याकडचे एक काका (ओळख लपवली आहे) असेच बोलले, "पैसे बंद केले अन् पोट्ट्यानं काई करून घेतलं, त मी काय करू?"

पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. धाकटा 31 वर्षांचा, पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. त्याला महिन्याला आठ हजार जातात. जूनमध्ये बियाणं-खताला पैसे कमी पडले आणि शेती करणाऱ्या थोरल्याला कळलं की पीककर्जातलेही पैसे पुण्याला गेले. त्यानं बापाशी बोलणं टाकलं, सुनेनं चूल वेगळी मांडली.

यवतमाळ जिल्ह्यात बसून 'असं काही होत नाही' म्हणणं मला जमत नाही. मी सांगितलं, त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, मन मोकळं व्हायला वाट मिळते. पण त्या वेळी पैशाचा विषय काढू नका.

काकांना धीर होईना. पोळ्याला तो घरी आला तेव्हा मायनं विचारलं. "मराचं नाई वं माय. पण इतके पैसे खाऊन खाली हातानं गावात येऊ कसा?"

म्हणजे बाप भीतीनं पाठवत होता आणि मुलगा लाजेनं घेत होता! या परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासांना 43. परीक्षा लवकर कुणाला थांबवत नाही, थांबायची वेळ घरानंच बोलून ठरवावी लागते. त्यांनी थोरल्यासमोर ठरवलं : येत्या पूर्वपरीक्षेपर्यंत चार हजार, बाकीचे तो अभ्यासिकेत काम करून मिळवेल. पीककर्जाला हात लावायचा नाही. सुनेची चूल अजून वेगळीच आहे, आणि तिचा राग मला रास्त वाटतो.

मायच्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं असतं तर पैशाचं बोलणं बाजूलाच ठेवायचं होतं. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.