वाचकांचे प्रश्न : व्होल्टॅमोग्राम बिघडला, पण यंत्र ठीक आहे

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सायक्लिक व्होल्टॅमेट्री आहे, म्हणजे इलेक्ट्रोडचे व्होल्टेज ठरावीक वेगाने पुढे-मागे नेऊन प्रवाहाचा आलेख (व्होल्टॅमोग्राम) काढायचा. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड, ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड. पुस्तकात जातानाच्या आणि परतीच्या पीकमधले (शिखरांमधले) अंतर ५९ मिलिव्होल्ट दिले आहे, आमचे १६० येते. स्कॅन रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) वाढवला की अजून वाढते. यंत्र बिघडले असेल का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. यंत्राबद्दलची शंका आधी फेडून घ्या, दोन मिनिटांचे काम आहे. १० किलोओहमचा साधा रेझिस्टर घ्या. रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात) आणि काउंटर (प्रवाहाचे मंडल पुरे करणारा) या दोन्ही इलेक्ट्रोडच्या क्लिपा त्याच्या एका टोकाला लावा, वर्किंगची, म्हणजे कार्बन इलेक्ट्रोडची, क्लिप दुसऱ्या टोकाला. उणे ०.५ ते अधिक ०.५ व्होल्ट स्कॅन करा. सरळ रेघ आली आणि ०.५ व्होल्टला ५० मायक्रोअँपिअर दिसले, तर यंत्र आणि वायरी दोन्ही ठीक आहेत. दोष सेलमध्ये शोधायचा.

पहिला संशय इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर. पॉलिश कापडावर ०.३ मायक्रॉनची अॅल्युमिना डिस्टिल्ड वॉटरमध्ये ताकाइतकी पातळ कालवा. इलेक्ट्रोड अगदी उभा धरून, हलक्या हाताने, इंग्रजी आठचा आकडा काढत दोन मिनिटे फिरवा. धुऊन हेच ०.०५ मायक्रॉनवर करा, पण कापड वेगळे घ्या. जाड पावडरीचा एक कण बारीक पावडरीच्या कापडावर गेला तरी ओरखडे पडत राहतात. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिनिटभर सोनिकेट करा (अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा), नाहीतर अॅल्युमिनाचे कण पृष्ठभागाला चिकटून राहतात. नंतर बोट लावू नका, टिश्यूने पुसू नका; लगेच द्रावणात घाला. इलेक्ट्रोड तिरका धरून घासण्याची सवय फार महागात पडते. कार्बनची कड गोल होते, भोवतालच्या टेफ्लॉनशी फट पडते, तिच्यात द्रावण शिरते आणि पार्श्वभूमीचा प्रवाह (फेरिसायनाइड नसतानाही येणारा) फुगतो. तो मग साध्या पॉलिशने जात नाही.

दुसरा संशय द्रावणाच्या रोधाचा. पृष्ठभागावरची अभिक्रिया मंद असो की रोध जास्त, दोन्हींमुळे अंतर रुंदावते आणि स्कॅन रेटबरोबर वाढते, म्हणून नुसत्या आलेखावरून निदान होत नाही. फेरिसायनाइड ५ ऐवजी २.५ मिलिमोलर करून पाहा, क्लोराइड तेवढेच ठेवा. प्रवाह निम्मा झाल्यावर अंतर चांगलेच उतरले तर दोष रोधाचा. जवळपास तेवढेच राहिले तर पृष्ठभागाचा. पोटॅशियम क्लोराइड १ मोलर करून पाहणे हा तितका स्वच्छ पुरावा नाही. पोटॅशियम आयन वाढले की फेरिसायनाइडची इलेक्ट्रोडवरची अभिक्रियाही जलद होते, आणि दोन्ही कारणे एकदमच सुधारल्यासारखी दिसतात. रोध निघाला तर रेफरन्स इलेक्ट्रोडचे टोक उजेडात धरून पाहा. सच्छिद्र टोकाच्या आतल्या बाजूला बारीकसा हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर झटकतो तसे टोक खाली करून झटकले की तो वर जातो. मग हे टोक वर्किंग इलेक्ट्रोडच्या जवळ आणा.

किती प्रवाह यायला हवा हेही आधी काढून ठेवा. पीकचा प्रवाह देणाऱ्या रँडल्स-सेव्हचिक समीकरणाने तुमच्या इलेक्ट्रोडवर, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने, सुमारे ८३ मायक्रोअँपिअर येतात. निम्मेच येत असतील तर निम्मा पृष्ठभाग झाकलेला आहे असे धरून चाला. परतीच्या पीकची उंची मात्र शून्यापासून मोजू नका, आधीच्या उतरत्या प्रवाहाची रेघ पुढे वाढवून तिच्यापासून मोजा. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये दोन पीकचे गुणोत्तर चुकते ते बहुतेक इथेच. स्कॅन चालू असताना ढवळणे बंद हवे. दोन पीकमधले अंतर ६५ ते ७५ मिलिव्होल्ट आले की निर्धास्त जर्नलमध्ये लिहा. आणि उरलेले फेरिसायनाइड आम्लाच्या बाटलीत कधीही ओतू नका. तीव्र आम्लात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

प्रश्न : पीएच मीटर कॅलिब्रेट केल्यावर स्लोप ८८ टक्के दाखवतो. इलेक्ट्रोड टाकून द्यावा का?
— प्रयोगशाळा सहायक, नांदेड

उत्तर : इतक्यात नको. स्लोप म्हणजे एका पीएचमागे मिळणारे मिलिव्होल्ट; २५ अंशांना ते ५९.१६ हवेत, तुम्हाला ५२च मिळताहेत. पण आधी ९.२ चा बफर (ठरलेल्या पीएचचे द्रावण) ताजा करा. उघड्या बीकरमध्ये तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्याचा पीएच उतरतो आणि दोष इलेक्ट्रोडच्या माथी येतो. तापमानही बघा. बोरॅक्सचा बफर २५ अंशांना ९.१८ असतो, ३५ अंशांना ९.१०. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक सोडून चालत नाही. ताजा बफर घेऊनही स्लोप ९५च्या खाली राहिला तर इलेक्ट्रोड रात्रभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची पद्धत बंद करा. त्यात जंक्शनमधले (इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र टोकातले) क्षार निघून जातात आणि रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतो. एवढे करूनही फरक पडला नाही, तर मात्र नवा घ्या.

प्रश्न : कंडक्टोमेट्रीत (द्रावणाची वाहकता मोजत केलेल्या टायट्रेशनमध्ये) ब्युरेटमधले द्रावण दहापट तीव्र का घ्यायचे?
— विद्यार्थी, पणजी

उत्तर : आकारमान वाढू नये म्हणून. ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५० मिलिलिटरला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिलिलिटर पुरते. तेच ०.०१ नॉर्मल घेतले तर ५० लागते, द्रावण दुप्पट पातळ होते आणि सरळ यायच्या रेघा वाकतात. मग त्या कुठे छेदतात हे पट्टी लावूनही नीट ठरत नाही. दहापट तीव्र घेतले तरी प्रत्येक रीडिंगला एकूण आकारमान भागिले सुरुवातीचे आकारमान या संख्येने गुणा. सेलमधल्या काळ्या प्लॅटिनमला ब्रश लावू नका, आणि सेल कोरडा पडू देऊ नका.