पक्कड कोणाच्या हातात?

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या गटाचा दुसरा नंबर आला. घरी आल्यावर विचारलं, तू काय काय केलंस? तर म्हणाली, ‘थर्माकोलची घरं रंगवली आणि पाहुण्यांना माहिती सांगितली. लाइटचं सगळं मुलांनी केलं.’ आता म्हणते, नुसतं पाठच करायचं तर इतिहास काय वाईट? मे महिन्यात गल्लीतल्या पंधरा-सोळा मुलींना जमवून एक दिवस प्रयोगांचं काहीतरी करावं असं मनात आहे. पण मी स्वतः बी.कॉम. काय ठेवू? मला जमेल का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि माझंच पाप आठवलं. मी ३१ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. त्यातली निदान १५ वर्षं तरी प्रदर्शन जवळ आलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, ‘मुलींनो, तक्ते तुम्ही करा गं, तुमचं अक्षर छान आहे.’ मग एका वर्षी परीक्षक टेबलाशी आले आणि आमच्या मॉडेलचा दिवाच लागेना. वायरिंग केलेला मुलगा तापाने घरी. टेबलामागे नववीतल्या तीन मुली, ओहमचा नियम घडाघडा म्हणणाऱ्या. एक वायर निसटली होती, एवढंच. त्यातली एक मला हळूच म्हणाली, ‘बाई, करंट कसा जातो ते येतं मला. वायर सोलायची कशी ते नाही येत.’

दुसऱ्या दिवशी बाजारातून सहा पक्कडी आणि सहा डिसमिस आणले. स्वतःच्या पैशांनी, कारण शाळेत बिल कुठल्या खात्यावर टाकायचं तेच कळेना.

तेव्हा बी.कॉम.ची काळजी सोडा. उलट बरंच आहे, तुम्ही उत्तर आधी सांगून टाकणार नाही. तीनच गोष्टी ठेवा, जास्त नकोत.

सकाळी मिक्सर. गल्लीत दोन-तीन तरी बंद पडलेले मिळतील. प्लगची वायर तुम्ही आधीच कापून टाका आणि मग तो मुलींच्या ताब्यात द्या. खालचे स्क्रू काढले की तांब्याच्या तारेची मोटार दिसते, आणि तिच्या दोन बाजूंना कार्बनचे छोटे तुकडे. दुकानदार ‘कार्बन गेलाय’ म्हणतो ना, ते हे. ज्या मिक्सरवर मुली रोज चटणी वाटतात, त्याच्या पोटात काय आहे ते त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मात्र जुना टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह अजिबात उघडू देऊ नका. बंद असले तरी त्यांच्यात वीज साठून राहिलेली असू शकते.

मग दुपारची सावली. हा माझा सगळ्यांत आवडता खेळ, म्हणून जरा लांबण लावते. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात ते ६-७ मेच्या सुमारास घडतं, पुण्यात १३ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. तुमचा दिवस पुण्यानंतर काही दिवसांनी. नेमका कोणता, ते मुलींनाच शोधू द्या : एक सरळ काठी, ओळंबा, पट्टी, आणि कार्यक्रमाच्या आगेमागे चार-पाच दिवस दुपारी सव्वाबारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी मोजमाप. सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बाराला नसतेच, साडेबाराच्या आसपास असते. का? हा प्रश्न त्यांच्याकडून आला तर तुमचा दिवस वसूल. (आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.) दुसरी शून्य सावली जुलैत येते, पण तेव्हा ढगांची मेहेरबानी लागते.

काठी फेकू नका. २३ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो तेव्हा, एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली मोजा, संगमनेरात ती साडेपस्तीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. दहावीच्या ताईला बोलवा आणि तिला टॅन थीटा (सावली भागिले काठी) काढायला लावा. कोन येईल साडेएकोणीस अंश, म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश. माझ्या एका विद्यार्थिनीने नकाशा उघडून हे ताडून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कुठून तरी चोरून आणलं होतं.

शेवटी छोटी मोटार : एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि रिवाइंडिंगच्या दुकानातली थोडी तांब्याची तार. तारेचं वेटोळं करायचं, एका टोकाचं लाखेसारखं आवरण पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. सगळ्या जणी दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात आणि वेटोळं नुसतं थरथरतं. लगेच सांगू नका. अर्धा फेरा करंट तुटला नाही तर चुंबक त्याला उलटं ढकलतं, हे कुणीतरी शोधून काढतंच. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची असली खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही.

नियम दोनच. तक्ता नाही, थर्माकोल नाही. आणि ‘दे इकडे, मी करतो’ म्हणणाऱ्या दादाला-बाबांना प्रवेश नाही. ‘दे इकडे, मी करते’ म्हणणाऱ्या आईलाही नाही. तुम्हाला हात मागे बांधून उभं राहायला सर्वांत जड जाईल.

आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास लेकीला नारायणगावजवळ खोडदला न्या. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनाला शाळकरी मुलांचं प्रदर्शन भरतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत त्या दुर्बिणीला. तुमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावरून जायचं.

प्रश्न : मुलींसाठी वेगळा कार्यक्रम कशाला? हा मुलांवर अन्याय नाही का?
– एक वडील, सातारा

उत्तर : मीही असंच म्हणायचे. मग चौघांत एक पक्कड ठेवून पाहिली. दोन मिनिटांत ती मुलाच्या हातात. त्यात दुष्टपणा काही नसतो. सायकलची चेन बसवून त्याचा हात बसलेला असतो, तिचा नसतो. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, स्वतः बी.एस्सी.ला पहिल्या, आणि तरीही १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, नंतर अटी घालून घेतलं. पुढे केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवलीच.

एक दिवस मुलींचा वेगळा ठेवा, हात बसला की पुढच्या वेळी सगळे एकत्र. त्या दिवशी मुलगे रिकामे बसतात असं वाटलं, तर पन्नास जणांच्या पोह्यांचा कांदा त्यांच्याकडे द्या. आमच्याकडे दिला होता. पोहे चांगले झाले होते, मीठ दोनदा पडलं एवढंच.